मसीहा मानायचा आणि तोराही पाळायचा?

1. प्रश्न कुठून येतो

बायबलची तोंडओळख झालेल्या माणसाच्या मनात एक प्रश्न हमखास येतो. येशू ज्यू होता, त्याची आई ज्यू होती, त्याचे बाराही शिष्य ज्यू होते. ख्रिस्ती लोक ज्याला ‘जुना करार’ म्हणतात, तो ज्यूंचाच धर्मग्रंथ. देव एक, आज्ञा त्याच. मग ज्यू शनिवार पाळतात आणि ख्रिस्ती रविवार, असे का? ज्यूंना डुक्कर वर्ज्य आहे आणि बहुतेक ख्रिस्ती लोकांना नाही, असे का? आणि त्याहून खोल प्रश्न असा, की येशूवर मसीहा म्हणून विश्वास ठेवणाऱ्या माणसाला ज्यूंचे नियमशास्त्रही मनापासून पाळता येईल का, की एक हातात घेतले की दुसरे सोडावेच लागते?

तिकोणा पेठेत बसून हा प्रश्न विचारायला विशेष अर्थ आहे. या गावातून एक वाट पवना धरणाच्या कडेने लोणावळ्याकडे जाते. तिथून बोरघाट उतरला की खोपोली, पेण आणि पुढे अलिबाग. हा बेने इस्रायलांचा, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचा जुना मुलूख. त्यांनी शतकानुशतके नियमशास्त्र सांभाळले, पण येशूला मसीहा मानले नाही. दुसरी वाट कामशेत, तळेगावमार्गे पुण्याला जाते. तिथे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे विद्यापीठ आहे. हे लोक येशूला मसीहा मानतात आणि तरीही शनिवारच पाळतात. एकाच प्रश्नाची दोन उत्तरे तिकोण्याच्या दोन बाजूंना सापडतात. ती नीट समजून घ्यायची, तर आधी दोन शब्दांची ओळख करून घेऊ.

2. तोरा आणि मसीहा

तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तके: उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद. मराठी बायबल त्याला नियमशास्त्र म्हणते. यात सृष्टीची कथा आहे, अब्राहामाची आणि योसेफाची कथा आहे, मिसरातल्या गुलामीतून सुटकेची कथा आहे. त्याबरोबर आज्ञाही आहेत. ज्यू परंपरा त्यांची संख्या 613 मानते. सगळ्या आज्ञा सगळ्यांना लागू नाहीत. काही फक्त याजकांसाठी आहेत, काही शेतीच्या आहेत, आणि पुष्कळशा यरुशलेमच्या मंदिरातल्या यज्ञबलींविषयी आहेत. इ.स. 70 मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर पाडले, तेव्हापासून त्या आज्ञा आचरणात आणता येत नाहीत. उरलेल्यांवर घरगुती जीवन उभे आहे: विश्रांतीचा दिवस, खाण्यापिण्याचे नियम, सण, सुंता, लग्न, दानधर्म, व्यवहारातला प्रामाणिकपणा.

मसीहा म्हणजे देवाने अभिषेक करून नेमलेला राजा. दावीद राजाच्या वंशात असा एक पुरुष येईल, तो इस्रायलला एकत्र आणील, न्याय आणि शांती प्रस्थापित करील, अशी आशा ज्यू संदेष्ट्यांनी जागवली. बाराव्या शतकातील थोर ज्यू पंडित मैमोनिदेस याने श्रद्धेची 13 तत्त्वे सांगितली. त्यांत मसीहा येणार यावरचा विश्वास हे एक तत्त्व आहे.

म्हणजे मसीहावरची श्रद्धा आणि तोराचे पालन यांत मुळात भांडण नाही. श्रद्धाळू ज्यू माणसाच्या घरी दोन्ही एकत्रच नांदतात. इ.स. 132 मध्ये रोमविरुद्ध उठाव करणाऱ्या बार कोखबाला रब्बी अकीवासारख्या तोराच्या महान आचार्याने मसीहा मानले होते. 135 मध्ये उठाव चिरडला गेला आणि आशा फोल ठरली, पण अकीवाला कोणी ज्यू धर्माबाहेर काढले नाही. वाद सुरू होतो तो ‘मसीहा येऊन गेला आणि तो येशू होता’ असे कोणी म्हणते तेव्हा. कारण त्या क्षणी पुढचा प्रश्न उभा राहतो: तो येऊन गेला असेल, तर जुन्या आज्ञांचे आता काय?

इथे देहू-आळंदीच्या जवळ राहणाऱ्या वाचकाला वारकऱ्याचे उदाहरण उपयोगी पडेल. वारकऱ्याची श्रद्धा विठ्ठलावर असते, पण ती गळ्यातल्या तुळशीच्या माळेतून, एकादशीच्या उपासातून, मांस वर्ज्य करण्यातून आणि आषाढीच्या वाटचालीतून दिसते. विठ्ठल मनात आहे, मग माळ कशाला, असे कोणी म्हटले तर जुना माळकरी थबकेल. आणि नुसती माळ आहे, पण विठ्ठल नाही, असे असेल तरीही तो थबकेल. श्रद्धा आणि आचार यांचे हे नाते लक्षात ठेवले, तर पुढचा इतिहास सोपा होईल.

3. तीन प्रश्नांची चाचणी

धर्मशास्त्राचे जाडजूड ग्रंथ न उघडता एखादा समाज या वादात कुठे उभा आहे, हे ओळखायला तीन घरगुती प्रश्न पुरतात.

पहिला प्रश्न वाराचा. आठवड्यातला कोणता दिवस काम बंद ठेवता? तोराप्रमाणे शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ सुरू होतो आणि शनिवारी अंधार पडल्यावर संपतो.

दुसरा प्रश्न ताटाचा. ताटात काय चालत नाही? तोराप्रमाणे डुक्कर वर्ज्य आहे. माशांत ज्यांना पर आणि खवले दोन्ही आहेत, तेच चालतात. म्हणजे बांगडा चालेल, कोळंबी आणि खेकडा नाही. रक्त खायचे नाही.

तिसरा प्रश्न मुलाचा. घरात मुलगा जन्मला, तर आठव्या दिवशी काय करता? तोराप्रमाणे त्याची सुंता करायची. अब्राहामाशी झालेल्या कराराची ती खूण.

वार, ताट आणि मुलगा. आता ही चाचणी एकेका समाजाला लावून पाहू.

4. पहिली पिढी: दोन्ही एकत्र

सुरुवात खुद्द येशूपासून करू. लूकच्या शुभवर्तमानात आठव्या दिवशी त्याच्या सुंतेचा उल्लेख आहे. शब्बाथ दिवशी सभास्थानात जायची त्याची रीत होती, असेही तेच पुस्तक सांगते. मत्तयाच्या शुभवर्तमानातला येशू आपण नियमशास्त्र मोडायला आलो नाही, असे स्पष्ट करतो. शब्बाथ दिवशी आजाऱ्याला बरे करावे की नाही, यावर त्याचे परूश्यांशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या ज्यू पंथाशी, वाद झाले. पण ते वाद शब्बाथ कसा पाळावा याविषयी होते. असे वाद त्या काळी ज्यू आचार्यांमध्ये आपसातही चालत.

त्याच्या पहिल्या अनुयायांना आपण वेगळा धर्म काढला आहे असे वाटत नव्हते. ते यरुशलेमच्या मंदिरात जात, शब्बाथ पाळत, मुलांची सुंता करत. तिन्ही प्रश्नांची त्यांची उत्तरे तोराप्रमाणेच होती. वर ते म्हणत, की ज्याची वाट पाहत होतो तो मसीहा आला.

अडचण आली ती ज्यू नसलेले लोक या श्रद्धेकडे वळू लागले तेव्हा. ग्रीक, सुरियाई, रोमी माणसांना येशूचा संदेश भावला. त्यांनी आधी सुंता करून ज्यू व्हायचे का? इ.स. 49 च्या सुमारास यरुशलेमात प्रेषितांची बैठक बसली. तिचा वृत्तान्त ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात आहे. निर्णय झाला, की परराष्ट्रीयांवर सुंतेचे ओझे घालायचे नाही. त्यांनी मूर्तीला वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या जनावराचे मांस आणि व्यभिचार यांपासून दूर राहावे.

हा निर्णय बारकाईने वाचला पाहिजे. बैठकीने परराष्ट्रीयांना सूट दिली. येशूला मानणाऱ्या ज्यूंनी तोरा सोडावा, असे ती कुठेही म्हणाली नाही. त्याच पुस्तकात पुढे प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याची सुंता केल्याचे आहे, कारण तीमथ्याची आई ज्यू होती. यरुशलेमातले हजारो विश्वासी ज्यू नियमशास्त्राविषयी आवेशी होते, असेही आहे.

मग घोडे कुठे अडले? ताटावर. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीय बांधवांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून काही माणसे आली आणि तो त्या पंगतीतून उठून वेगळा बसू लागला. पौलाने त्याला सर्वांसमोर जाब विचारला. गलतीकरांस पत्रात हा प्रसंग आहे. पंगतभेद म्हणजे काय, हे महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. दोन्ही माणसे एकच मसीहा मानतात, पण एका पंगतीला बसू शकत नाहीत. तोरा आणि मसीहा यांचा मेळ घालण्यातला खरा पेच इथे आहे. एकट्या माणसाच्या मनात दोन्ही सहज बसतात, पण दोन वेगळ्या समाजांना एका ताटाभोवती बसवणे अवघड असते.

5. वाटा कशा फाटल्या

पुढच्या तीनशे वर्षांत चर्चमध्ये परराष्ट्रीयांची संख्या वाढत गेली आणि ज्यू विश्वासी अल्पसंख्य झाले. मंदिर पडल्यावर उरलेला ज्यू समाज रब्बींच्या मार्गदर्शनाखाली नव्याने बांधला जात होता. बार कोखबाच्या उठावात तर येशूला मानणारे ज्यू कात्रीत सापडले. दुसऱ्या माणसाला मसीहा मानून त्यांना लढता येईना.

मग सत्तेने शिक्के मारले. सम्राट कॉन्स्टंटाइनने 321 मध्ये रविवार हा सरकारी विश्रांतीचा दिवस ठरवला. 325 मध्ये नायसियाच्या धर्मपरिषदेने येशूच्या पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, ज्यूंच्या गणनेवर अवलंबून ठेवायचा नाही असे ठरवले. चौथ्या शतकातच लाओदिकियाच्या परिषदेने ख्रिस्ती लोकांना शनिवारी विश्रांती घेण्याची मनाई केली.

दिनदर्शिका वेगळी झाली की काय होते, ते 2024 सालच्या उदाहरणावरून पाहू. त्या वर्षी ईस्टर 31 मार्चला आला. मिसरातून सुटकेची आठवण करणारा ज्यूंचा वल्हांडण सण 22 एप्रिलच्या संध्याकाळी सुरू झाला. येशूला क्रुसावर दिले ते वल्हांडणाच्याच सुमारास, तरीही दोन सणांत तीन आठवड्यांचे अंतर पडले. कारण ज्यू पंचांग आपल्यासारखेच चांद्र-सौर आहे. त्यात 19 वर्षांत 7 अधिक महिने धरतात, आणि 2024 मध्ये असा महिना आला होता. म्हणूनच त्या वर्षी वल्हांडणाचा पहिला दिवस आणि आपली हनुमान जयंती, म्हणजे चैत्री पौर्णिमा, एकाच दिवशी, 23 एप्रिलला पडली. चर्चची गणना मात्र वेगळ्या नियमाने चालते. दोन शेजाऱ्यांचे सण एकाच दिवशी यायचे थांबले, की एकमेकांच्या घरी जाणेही हळूहळू थांबते.

तरी काही लोक टिकून राहिले. चौथ्या शतकातील एपिफानियस या लेखकाने नाझरेन नावाच्या गटाची नोंद केली आहे. हे लोक येशूवर विश्वास ठेवत आणि शब्बाथ, सुंताही पाळत. त्याच काळातल्या जेरोम या पंडिताने अशा लोकांवर टीका केली. दोन्हीकडे पाय ठेवणारे कुणाचेच नाहीत, असा त्याचा सूर होता. सिनेगॉगही, म्हणजे ज्यू सभास्थानही, त्यांना आपले म्हणेना. मधल्या माणसाला दोन्ही बाजूंनी झिडकारले आणि तो गट इतिहासातून नाहीसा झाला.

6. घाटाखालचे उत्तर: शनवार तेली

आता बोरघाट उतरू. बेने इस्रायलांची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बरोबरची पुस्तके समुद्रात गेली. त्यांचे वंशज कोकणातल्या गावोगावी पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले, आणि गावांवरून पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर अशी आडनावे घेऊ लागले. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे.

त्यांना आपली चाचणी लावू. वार: शनिवार. ताट: पर आणि खवले असलेलेच मासे. मुलगा: आठव्या दिवशी सुंता. तिन्ही उत्तरे तोराप्रमाणे, आणि तीही हाती पुस्तक नसताना. त्यांच्यात सांगतात, की डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू गृहस्थ कोकणात आला. हे लोक खरेच ज्यू आहेत का, हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी बिनखवल्यांचे मासे बाजूला काढले. तेव्हा त्याची खात्री पटली आणि त्याने त्यांच्यातल्या काही जणांना शिकवून काजी केले.

सणांची नावे त्यांनी मराठीतच ठेवली. वर्षारंभ तो नव्याचा सण, प्रायश्चित्ताचा उपास तो दारफाळणीचा सण, मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस तो बिरड्याचा सण. द्राक्षारसाच्या जागी काळ्या मनुका भिजवून केलेले सरबत आले. आणि ‘शमा इस्रायल’, म्हणजे देव एकच आहे ही घोषणा, जन्मापासून मरणापर्यंतच्या प्रत्येक प्रसंगी म्हटली जाई. पुस्तक हरवले तरी एवढे शब्द जिभेवर राहिले होते.

मग मसीहाचे काय? इथे बेने इस्रायलांचा मलिदा आठवावा. नवस फेडताना, लग्नाच्या आधी, शुभकार्यात भिजवलेले पोहे, गूळ, खोबरे आणि फळे ताटात मांडतात आणि एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे एलिया संदेष्ट्याचे, स्मरण करतात. अलिबागजवळच्या सागावात एलियाहू रथातून स्वर्गाकडे गेला त्या रथाच्या चाकाची खूण खडकावर आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे. ज्यू परंपरेत एलिया हा मसीहाच्या आधी येऊन त्याची वर्दी देणारा आहे. म्हणजे मलिद्याच्या ताटाशी जो संदेष्टा आठवला जातो, तो मसीहाच्या वाटेवर उभा असलेला संदेष्टा आहे. कोकणातल्या या घरांत तोरा रोजच्या वागण्यात होता आणि मसीहाची आशा एलियाहूच्या नावात होती.

7. मिशनऱ्यांचे पुस्तक, बेने इस्रायलांचा शब्बाथ

1813 मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत आले आणि 1829 मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आला. विल्सन कॉलेजला ज्याचे नाव आहे, तोच हा विल्सन. मराठी बोलणारे, सुंता करणारे, शनिवार पाळणारे हे लोक पाहून मिशनऱ्यांना आनंद झाला. अब्राहामाची ही लेकरे आपल्याच मसीहाची वाट पाहत आहेत, त्यांना तो दाखवला की काम झाले, असे त्यांना वाटले. मिशनच्या शाळांत बेने इस्रायल मुले शिकली आणि त्यांच्यातले काही तिथे शिक्षकही झाले. विल्सनने त्यांच्यासाठी 1832 मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. जुन्या कराराची मराठी भाषांतरे त्यांच्या हाती आली. समुद्रात गेलेले पुस्तक मिशनऱ्यांच्या छापखान्यातून परत आले.

पुढे जे घडले ते फार मोलाचे आहे. बेने इस्रायलांनी पुस्तक घेतले, हिब्रू घेतली, शाळा घेतली आणि मसीहाविषयीचा मिशनऱ्यांचा दावा नम्रपणे नाकारला. ख्रिस्ती झालेले फारच थोडे होते. वाचायला शिकल्यावर त्यांना आपल्याच रीतींचा आधार ग्रंथात सापडू लागला. ज्या सणांची कारणे विसरली होती, ती कळली. याच काळात कोचीनचे ज्यू शिक्षक आणि बगदादहून आलेले व्यापारी ज्यू मुंबईत होते, त्यामुळे सिनेगॉगची रीतही पक्की होत गेली. मुंबईतले त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर तर सामाजी हसाजी दिवेकर यांनी 1796 मध्येच उभारले होते.

त्यांनी नकार का दिला, याची कारणे तीन प्रश्नांतच दिसतात. मिशनऱ्यांचा मसीहा मानायचा म्हणजे चर्चमध्ये जायचे. म्हणजे शनिवार जाऊन रविवार येणार, ताटाचे नियम सुटणार, आठव्या दिवसाच्या सुंतेच्या जागी बाप्तिस्मा येणार. मसीहाबरोबर एक पूर्ण वेगळे घर स्वीकारावे लागत होते. त्यात ‘देव एकच’ हे वाक्य ज्यांचा श्वास होते, त्यांना त्रैक्याची, म्हणजे एका देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघे असल्याची, शिकवण उमगणे कठीण होते. तोरा ठेवून मसीहा घ्या, असा पर्याय त्या काळी त्यांच्यापुढे कोणी ठेवला नाही.

त्यांच्या नकारातून मराठीला मोठे धन मिळाले. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. हायम सॅम्युअल केहिमकर यांनी 1875 मध्ये समाजासाठी शाळा काढली आणि बेने इस्रायलांचा इतिहास लिहिला. 1874 मध्ये पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर छापली गेली. तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. 1880 च्या दशकात अब्राहाम, योसेफ यांच्या चरित्रांवर बेने इस्रायल कीर्तनकार मराठी कीर्तने करू लागले. कीर्तनाचा बाज आपला आणि आख्यान तोरामधले.

याच पुण्याजवळ, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाई दुसऱ्या बाजूने हीच वाट चालल्या. 1883 मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण मांसाहार कधी स्वीकारला नाही. ख्रिस्त घेतला म्हणजे इंग्रजांचे ताटही घ्यावे, हे त्यांना मान्य नव्हते. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. 1922 मध्ये त्या गेल्या आणि 1924 मध्ये ते भाषांतर प्रसिद्ध झाले. श्रद्धा बदलली तरी आचारातले काय ठेवायचे, हे ज्याचे त्याने विवेकाने ठरवायचे असते, हे त्यांनी आयुष्याने दाखवले.

8. घाटावरचे उत्तर: शनिवार पाळणारे ख्रिस्ती

आता पुण्याकडे वळू. सुरुवातीला सांगितलेले विद्यापीठ म्हणजे स्पायसर. महाविद्यालय म्हणून ते 1915 मध्ये दक्षिण भारतात सुरू झाले आणि 1942 मध्ये पुण्यात आले. 2014 पासून ते विद्यापीठ आहे. ते चालवणारा सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ अमेरिकेत 1863 मध्ये संघटित झाला. नावातच त्याची ओळख आहे: सातवा दिवस पाळणारे आणि ख्रिस्ताच्या पुनरागमनाची वाट पाहणारे.

चाचणी लावू. वार: शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. ताट: डुक्कर नाही, कोळंबी-खेकडा नाही, दारू नाही, आणि शाकाहाराला प्रोत्साहन. मुलगा: सुंतेचा धार्मिक विधी नाही. म्हणजे तीनपैकी दोन उत्तरे तोराच्या जवळची आहेत.

त्यांची विचारसरणी अशी, की तोरातल्या आज्ञांचे प्रकार आहेत. दहा आज्ञा नैतिक आहेत, त्या सर्व माणसांसाठी आणि सर्व काळासाठी आहेत, आणि शब्बाथ ही त्यांतलीच एक. बळी, याजकी आणि सुंता या विधींचे काम मसीहा आल्यावर पूर्ण झाले. ही विभागणी तोरामध्ये कुठे लिहिलेली नाही, असा आक्षेप ज्यू घेतात. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस आहे, असे इतर ख्रिस्ती म्हणतात. पण मसीहाला मानूनही शनिवार मनापासून पाळता येतो, हे ॲडव्हेंटिस्टांनी आचरणाने सिद्ध केले आहे.

9. मसीही ज्यू आणि ‘कोण ठरवणार’ हा प्रश्न

तिन्ही प्रश्नांची उत्तरे तोराप्रमाणे देणारे आणि येशूला मसीहा मानणारे लोकही आज आहेत. 1880 च्या दशकात किशिनेव्ह शहरात जोसेफ राबिनोविच या ज्यू गृहस्थाने अशी मंडळी सुरू केली होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आणि इस्रायलमध्ये मसीही ज्यूंची चळवळ वाढली. ते शनिवारी जमतात, वल्हांडण पाळतात, मुलांची सुंता करतात आणि येशूला त्याच्या हिब्रू नावाने येशुआ म्हणतात. पहिल्या पिढीची रीत आपण पुन्हा जागवली, असे त्यांचे म्हणणे.

त्यांच्यापुढची अडचण मान्यतेची आहे. 1962 मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयापुढे ब्रदर डॅनियल यांचा खटला आला. जन्माने पोलिश ज्यू, महायुद्धात अनेक ज्यूंचे प्राण वाचवलेले, पण पुढे कॅथलिक संन्यासी झालेले. ज्यू म्हणून नागरिकत्वाचा त्यांचा हक्क न्यायालयाने नाकारला. 1989 मध्ये मसीही ज्यूंबाबतही न्यायालयाने तोच कौल दिला. त्याच 1962 च्या सुमारास इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायलांच्या ज्यूपणाविषयी रब्बींनी शंका काढली आणि लग्नाच्या वेळी त्यांच्या वंशाची चौकशी सुरू केली. आपल्या या मराठी माणसांनी आंदोलन केले. 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने आणि सरकारने ते सर्वार्थाने ज्यू आहेत असे जाहीर केले. एकाला श्रद्धेमुळे बाहेर ठेवले, दुसऱ्यांना वंशाच्या शंकेमुळे. आचार पाळणे एक आणि समाजाने आपले म्हणणे दुसरे, हे या दोन घटनांतून स्पष्ट होते.

भारतातच याचे आणखी एक रूप आहे. मणिपूर-मिझोराममधले काही ख्रिस्ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुना करार वाचता वाचता शनिवार पाळू लागले. त्यांच्यातले काही येशू आणि शब्बाथ दोन्ही धरून थांबले. बेने मेनाशे म्हणून ओळखले जाणारे पुढे जाऊन पूर्ण ज्यू धर्माकडे वळले, आणि 2005 मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बींनी त्यांना इस्रायलच्या वंशजांची मान्यता दिली. मधली जागा टिकवणे किती कठीण असते, हे इथेही दिसते.

10. मग जमते का?

जमते. इतिहासाचा पुरावा त्या बाजूने आहे. येशूची पहिली पिढी दोन्ही धरून होती. ‘मसीहा मानला म्हणजे तोरा सुटलाच’ हा नियम मसीहाने घातलेला नाही. तो पुढच्या तीन शतकांतल्या लोकसंख्येने, युद्धांनी आणि सम्राटांच्या फर्मानांनी घडवला. म्हणून जो माणूस आज येशूला मानतो आणि शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावून कामे थांबवतो, त्याला अज्ञानी किंवा दुटप्पी म्हणणे अन्यायाचे आहे.

पण याला दोन अटी आहेत. पहिली अट पूर्ण भार उचलण्याची. वार पाळला पण ताट आणि मुलगा यांविषयी विचारच केला नाही, असे करायचे असेल तर आपण काय ठेवले, काय सोडले आणि का, हे स्वतःला सांगता आले पाहिजे. ॲडव्हेंटिस्टांकडे तसे उत्तर आहे. रमाबाईंकडे त्यांच्या ताटाविषयी तसे उत्तर होते.

दुसरी अट त्याहून महत्त्वाची. हा मेळ ज्याने त्याने स्वतःच्या घरात घालावा. ज्यू शेजाऱ्याला गळाला लावण्यासाठी शब्बाथचा दिवा आणि हगादा वापरणे हा त्या दिव्याचाही अपमान आहे आणि मसीहाचाही. बेने इस्रायलांनी पुस्तक नसताना तोरा पाळला. पुस्तक मिळाल्यावर विचार करून आपले उत्तर दिले. ते उत्तर अज्ञानातून आलेले नव्हते, आणि तितक्याच आदराने ते ऐकले पाहिजे.

2016 मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. बहुतेक बेने इस्रायल इस्रायलला गेले, भारतात आता काही हजारच उरले आहेत. पुण्यात 1867 चे लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड, कॅम्पात आहे. रास्ता पेठेत 1921 चे सुक्काथ शेलोमो आहे. घाटाखाली अलिबाग, पेण, पनवेल, रेवदंड्याला जुनी प्रार्थनामंदिरे आहेत. मावळातल्या वाचकाला दोन्ही दिशांना एका दिवसात जाऊन येता येते. आधी परवानगी घेऊन जरूर जा. शनिवारी मात्र जाऊ नका, त्या दिवशी त्यांना त्यांच्या प्रार्थनेसाठी मोकळे सोडा. आणि गेल्यावर वाद घालू नका. वार, ताट आणि मुलगा हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे शांतपणे ऐका.